जत्रेला दार कशाला? टोरंटोच्या किनाऱ्याची दीडशे वर्षं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली अडखळ आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी तेवढी काढून टाकली आहे. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

आजचा विषय थोडा घरचा आहे. मी टोरंटोजवळ राहायला आले त्याला आता बारा वर्षं झाली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये बाबा पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा त्यांना कुठे न्यायचं हा प्रश्न होता. नायगारा झाला, सीएन टॉवर झाला. मग कुणीतरी म्हणालं, एक्सला घेऊन जा. ‘एक्स’ म्हणजे कॅनेडियन नॅशनल एक्झिबिशन, सीएनई. उन्हाळ्याच्या शेवटी तलावाकाठी अठरा दिवस चालणारी इथली मोठी जत्रा.

बाबा माहीमचे. डिसेंबरात मगदूम बाबांच्या उरुसाला समुद्राच्या रेतीवर आकाशपाळणे उभे राहतात, ते बघत मोठे झालेले. त्यामुळे जत्रा म्हटल्यावर स्वारी खूश. पण गेटवर रांग लावून मी चौघांची तिकिटं काढली, त्यांनी मनातल्या मनात डॉलरचे रुपये केले आणि मला विचारलं, "आत काय काय दाखवतात?" मी म्हटलं, आत पाळणे आहेत, खाणं आहे, पण त्याचे पैसे वेगळे. हे फक्त आत जायचं तिकीट. तेव्हा ते म्हणाले, "अगं, मग जत्रेला दार कशाला?"

तेव्हा मी हसले. पण गेल्या काही वर्षांत या किनाऱ्यावर जे घडलं ते बघताना मला तो प्रश्न पुन्हा पुन्हा आठवला. म्हणून आज या दाराची गोष्ट सांगते.

आधी जमीन कोणाची होती?

नकाशा डोळ्यांसमोर आणा. दक्षिणेला लेक ऑन्टारियो. ‘लेक’ म्हटलं की आपल्याला रंकाळा किंवा तलावपाळी आठवते, पण हे तळं पुणे जिल्ह्यापेक्षा मोठं आहे. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, फक्त पाणी गोडं. बाबांनी चव घेऊन खात्री केली होती!

शहराच्या मध्यभागापासून थोडं पश्चिमेला गेलं की १९२ एकरांचं मैदान लागतं. तिथे जत्रा भरते. त्याला म्हणतात एक्झिबिशन प्लेस, आणि ते टोरंटो महापालिकेच्या मालकीचं आहे. त्याच्या दक्षिणेला एक रुंद रस्ता, आणि रस्त्यापलीकडे पाण्यात भराव टाकून केलेली बेटं. त्यांचं नाव ऑन्टारियो प्लेस. ती प्रांत सरकारच्या मालकीची. म्हणजे महापालिका आणि राज्य सरकार एकमेकांच्या शेजारी, मध्ये एक रस्ता. मुंबईकरांना यातून पुढे काय काय होऊ शकतं ते सांगायला नको.

त्याही आधी ही भूमी मिसिसॉगा लोकांची होती. १७८७ मध्ये आणि पुन्हा १८०५ मध्ये इंग्रजांनी त्यांच्याशी ‘खरेदी’चे करार केले. ते करार इतके वादग्रस्त होते की अखेर २०१० मध्ये कॅनडा सरकारने १४ कोटी ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली. दोनशे वर्षांनी! या किनाऱ्यावर घाईने केलेल्या करारांचा हिशेब कधी ना कधी द्यावा लागतो, एवढं इथेच लक्षात ठेवूया.

पुढे फोर्ट यॉर्क हा लष्करी किल्ला झाला आणि आजूबाजूची जमीन लष्कराची राखीव. त्यातलाच तुकडा १८७८ मध्ये शहराला जत्रेसाठी मिळाला.

फिरती जत्रा एका जागी कशी आली

एकोणिसाव्या शतकात इथलं प्रांतीय कृषी प्रदर्शन दर वर्षी वेगळ्या गावी भरायचं. १८७८ मध्ये ते टोरंटोत भरलं. टोरंटोच्या पुढाऱ्यांना वाटलं, आता हे इथेच राहावं. कृषी संघटना म्हणाली, नाही, पुढची पाळी ओटावाची. मग टोरंटोने ठरवलं, आपलं आपण भरवू. १८७९ च्या सप्टेंबरात पहिलं ‘टोरंटो औद्योगिक प्रदर्शन’ भरलं. तिकीट २५ सेंट. म्हणजे बाबांचं दार पहिल्या दिवसापासून होतंच!

पण त्या २५ सेंटांत काय मिळत होतं ते बघा. गुरं, घोडे, लोणी, नांगर हे तर होतंच. शिवाय १८८० च्या दशकात लोकांनी इथे विजेचे दिवे पाहिले, विजेवर धावणारी गाडी पाहिली. १९३९ मध्ये टेलिव्हिजन इथेच दाखवला गेला. खेड्यातला शेतकरी वर्षातून एकदा येणार आणि जग कुठे चाललंय ते बघून जाणार. आपल्याकडे किर्लोस्करांचा नांगर लोकांनी आधी प्रदर्शनात पाहिला आणि मग शेतात, तसंच हे.

आणि दुसरी गोष्ट, हे मैदान कधीच जसंच्या तसं राहिलं नाही. क्रिस्टल पॅलेस नावाचा काचेचा महाल १९०६ मध्ये जळाला, तिथे पुढच्याच वर्षी दुसरी इमारत आली. १९२७ मध्ये कॅनडाच्या महासंघाला साठ वर्षं झाली म्हणून पूर्वेला मोठी कमान बांधली, प्रिन्सेस गेट्स. ब्रिटनचे दोन राजपुत्र उद्घाटनाला आले म्हणून ते नाव. कमानीच्या दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खांब आहेत, कारण तेव्हा प्रांत नऊच होते. दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून जत्रा बंद झाली, मैदान सैन्याकडे गेलं. १९४७ मध्ये पुन्हा सुरू. पुढे मोठं स्टेडियम झालं, १९७७ मध्ये तिथे बर्फ भुरभुरत असताना ब्लू जेज संघाचा पहिला बेसबॉल सामना झाला, १९९९ मध्ये ते स्टेडियम पाडलं, २००७ मध्ये फुटबॉलसाठी नवं उघडलं. त्याच जागी २०२६ च्या विश्वचषकाचे सामने.

हे सगळं भरभर सांगतेय ते एवढ्यासाठीच, की ‘जुनं जसं होतं तसं ठेवा’ असं या किनाऱ्याबद्दल म्हणताच येत नाही. पाडणं आणि बांधणं हाच इथला इतिहास आहे. त्यामुळे विकास हवा की नको या भांडणात मला रस नाही. कोणासाठी पाडलं आणि कोणाला विचारून बांधलं, ते बघूया.

सनीसाइड: फुकट ट्राम आणि एक महामार्ग

जत्रेच्या मैदानाच्या पश्चिमेला सनीसाइड नावाचा किनारा आहे. तिथे बंदर मंडळाने तलावात भराव टाकून १९२२ मध्ये करमणुकीची जागा उघडली. पाळणे, नाचाचा हॉल, आंघोळीसाठी भव्य मंडप. तलावाचं पाणी फार गार म्हणून १९२५ मध्ये भलामोठा पोहण्याचा हौदही बांधला. सगळ्यात छान गोष्ट म्हणजे उन्हाळ्यात मुलांना इथे आणण्यासाठी फुकट ट्राम सुटायच्या. घरी बाथटब नसलेल्या, गावाला जायची ऐपत नसलेल्या घरांतली पोरं टॉवेल खांद्यावर टाकून ट्राममध्ये बसायची.

याच किनाऱ्यावर १९५४ मध्ये एक प्रसंग घडला. सीएनईने जाहिरातीसाठी एका नामांकित अमेरिकन जलतरणपटूला, फ्लॉरेन्स चॅडविकला, तलाव पोहून पार करायचं आमंत्रण दिलं. दहा हजार डॉलर देऊ केले. टोरंटोची मॅरिलिन बेल नावाची सोळा वर्षांची मुलगी म्हणाली, मीपण पोहणार. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पैसे कबूल केले नव्हते. ८ सप्टेंबरच्या रात्री अमेरिकेच्या काठावरून दोघी निघाल्या. चॅडविक आजारी पडून बाहेर आली. मॅरिलिन जवळपास एकवीस तास पोहून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी या किनाऱ्याला लागली. लाखोंची गर्दी जमली होती. शेवटी बक्षीस तिलाच दिलं.

आणि पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, सनीसाइडचे पाळणे उतरवले. का? तर गार्डिनर एक्स्प्रेसवे नावाचा महामार्ग किनाऱ्याने जायचा होता. तिथला लाकडी घोड्यांचा गोल पाळणा विकला गेला, तो कॅलिफोर्नियात नव्याने उघडलेल्या डिस्नेलँडमध्ये गेला. आजही तिथे आहे. टोरंटोच्या पोरांचे घोडे!

हा महामार्ग तुकड्यातुकड्याने १९६६ पर्यंत पूर्ण झाला. त्याने किनारा आणि शहर यांच्यामध्ये भिंतच उभी केली. जत्रेच्या मैदानाचंही उत्तरेचं अंग कापलं. फोर्ट यॉर्कचा किल्लाही त्या रेषेत येत होता, पण लोक भांडले आणि किल्ल्यापाशी रस्ता वळवावा लागला. सनीसाइडसाठी मात्र कोणी तेवढं भांडलं नाही. किल्ल्याला इतिहास असतो, पाळण्यांना कुठला इतिहास, असं वाटलं असावं.

या महामार्गाचं नाव लक्षात ठेवा. शेवटी तो परत येणार आहे.

पाण्यावरचं शहर

१९६७ मध्ये मॉन्ट्रियलला जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे ऑन्टारियो प्रांताचं दालन फार गाजलं. मुख्यमंत्री जॉन रोबार्ट्स यांच्या मनात आलं की असं काहीतरी आपल्याकडे कायमचं हवं. १९६८ च्या ऑगस्टमध्ये, सीएनई चालू असतानाच, त्यांनी घोषणा केली. म्हणजे एका जत्रेच्या पोटातून दुसरी निघाली.

वास्तुकार एबरहार्ड झाइडलर आणि भूदृश्यकार मायकेल हॉफ यांनी जे केलं ते आजही बघताना थांबायला होतं. त्यांनी जुन्या किनाऱ्यावर बांधकाम केलंच नाही. तलावात भराव घालून बेटं केली, लाटा अडवायला जुनी जहाजं बुडवली, आणि पाण्यावर पोलादी खांबांना टांगलेल्या पाच पांढऱ्या इमारती उभ्या केल्या. शेजारी एक पांढरा गोल घुमट, सिनेस्फिअर. जगातलं पहिलं कायमस्वरूपी आयमॅक्स थिएटर. आज पुण्याला तुम्ही आयमॅक्समध्ये सिनेमा बघता ना, त्या घराण्याचा हा पहिला वाडा. २२ मे १९७१ ला हे सगळं लोकांसाठी उघडलं.

पुढच्या वर्षी एरिक मॅकमिलन या कलाकाराने तिथे मुलांचं गाव केलं. झोपाळा-घसरगुंडी या नेहमीच्या सामानाऐवजी चढायच्या जाळ्या, उड्या मारायच्या गाद्या, अंगावर आदळणाऱ्या लोंबत्या थैल्या. आज मॉलमध्ये पोरांसाठी मऊमऊ खेळघरं असतात, त्यांची आजी ही. आणि एक खुलं नाट्यगृह होतं, फोरम. फिरता रंगमंच, चारी बाजूंनी हिरवळीवर बसलेले लोक. बेटावर येण्याचं एकदा तिकीट काढलं की गाण्याला वेगळे पैसे नाहीत.

इथे बाबांच्या प्रश्नाला एक उत्तर मिळतं. दार होतं, पण आत शिरल्यावर पुन्हा पुन्हा दारं नव्हती.

मग ती येऊ लागली. फोरम १९९४ मध्ये पाडलं आणि पुढच्या वर्षी तिथे सोळा हजार लोकांचं, प्रत्येक कार्यक्रमाला वेगळं तिकीट असलेलं नाट्यगृह उभं राहिलं. पाण्याच्या घसरगुंड्या आल्या, मनोऱ्यावरचे पाळणे आले, जे इतरत्रही मिळत होते. लोक कमी झाले, सरकारी अनुदान वाढत गेलं, दुरुस्ती मागे पडली. २०१२ च्या फेब्रुवारीत सरकारने जाहीर केलं की ऑन्टारियो प्लेस बंद.

मी आले २०१३ मध्ये. त्यामुळे चालू असलेलं ऑन्टारियो प्लेस मी कधी पाहिलंच नाही. २०१४ मध्ये जत्रेच्या मैदानातून बाबांनी बोट दाखवून विचारलं होतं, "तो पांढरा गोळा कसला?" मी म्हटलं, "सिनेमा थिएटर होतं. ते सगळं बंद आहे, बाबा."

बंद असतानाची मोकळीक

खरी गंमत पुढेच आहे. बंद झाल्यावर ही जागा हळूहळू लोकांची झाली.

आधी पूर्वेच्या बेटावरचं पार्किंग काढून तिथे साडेसात एकरांची बाग केली, ट्रिलियम पार्क. २०१७ च्या जूनमध्ये ती उघडली. त्याच वर्षी सिनेस्फिअर पुन्हा सुरू झालं. पश्चिमेच्या बेटावर कुणी सायकली आणू लागलं, कुणी कुत्री फिरवायला, कुणी पक्षी बघायला. पन्नास वर्षांपूर्वी लावलेली झाडं एव्हाना मोठी झाली होती. आणि करोना आला तेव्हा तर विचारू नका. घरात कोंडलेलं शहर या बेटाच्या गोटेरी किनाऱ्यावर आलं. लोक तिथे पोहायला लागले. माझी मुलगी तलावात पहिल्यांदा पोहली ती तिथेच. पाणी इतकं गार की ती किंचाळतच आत गेली आणि बाहेर यायला तयार नव्हती.

बाबा २०२२ मध्ये पुन्हा आले. गुडघे दुखत होते, पण त्यांना तिकडे नेलं. एका ओंडक्यावर बसून त्यांनी चपला काढल्या आणि पाय पाण्यात सोडले. शेजारी एक फिलिपिनो कुटुंब डबे उघडून बसलेलं, पलीकडे कॉलेजची मुलं, एक आजोबा गळ टाकून. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तू मागच्या वेळी बंद आहे म्हणाली होतीस ना?"

"बंदच आहे, बाबा."

"मग हे एवढे लोक?"

मला उत्तर देता आलं नाही. इतिहासाची एवढी पुस्तकं वाचून मला जे नीट मांडता आलं नव्हतं ते त्या प्रश्नात होतं. दीडशे वर्षांत हा किनारा सर्वांत जास्त सार्वजनिक कधी होता? तर कागदोपत्री बंद असताना. फलकांवर नाव नव्हतं, कार्यक्रम नव्हते, इमारतींना गंज चढलेला. पण दार नव्हतं.

मग आला पुनर्विकास

आता थोडे कागद. १९७१ ची ही रचना इतकी मोलाची मानली जाते की वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने जगभरच्या धोक्यातल्या वारसास्थळांच्या २०२० च्या यादीत तिचं नाव घातलं. त्याआधीच, २०१९ मध्ये, प्रांत सरकारने विकासकांकडून प्रस्ताव मागवले होते. २०२१ च्या जुलैमध्ये निवड जाहीर झाली. पश्चिमेच्या बेटावर युरोपातल्या थर्मे या कंपनीचं मोठं काचेचं स्पा आणि बंदिस्त वॉटर पार्क. पूर्वेला नाट्यगृहाचा विस्तार. २०२३ मध्ये त्यात भर पडली. शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेलं ऑन्टारियो सायन्स सेंटरही इथे आणायचं ठरलं.

थर्मेला दिलेला भाडेपट्टा मुदतवाढ धरून ९५ वर्षांचा. तो झाला २०२२ मध्ये आणि लोकांना वाचायला मिळाला २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये.

मधल्या काळात लोकांनी विरोध केला, सभा घेतल्या, कोर्टात गेले. महापौर ऑलिव्हिया चाऊ या विरोधाच्या बाजूने निवडून आल्या होत्या. पण टोरंटो महापालिकेची तिजोरी रिकामी होती. आणि तिच्या गळ्यात एक जुनं लोढणं होतं. ओळखलंत? गार्डिनर एक्स्प्रेसवे! साठ वर्षांचा म्हातारा महामार्ग, काँक्रीटचे तुकडे पडतात, दुरुस्तीचा खर्च शहराला झेपेना. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये करार झाला. महामार्गाचं ओझं प्रांताने घेतलं आणि शहराने मान्य केलं की ऑन्टारियो प्लेसचं काय करायचं तो अधिकार प्रांताचा.

म्हणजे बघा. ज्या महामार्गाने १९५५ मध्ये सनीसाइड खाल्लं, त्याच्याच दुरुस्तीच्या बदल्यात २०२३ मध्ये शहराने शेजारच्या बेटावरचा शब्द सोडला. मी महापौरांना सरसकट दोष देणार नाही. तिजोरी रिकामी असताना ज्यांना बस चालवायच्या आहेत, निवारे चालवायचे आहेत, त्यांच्या जागी बसून बघितलं तर तो सौदा नाकारणं सोपं नव्हतं. पण सौदा कशाचा कशाशी झाला ते लिहून ठेवलं पाहिजे.

डिसेंबरात खास कायदा आला. या जागेला वारसा कायदा लागू नाही, पर्यावरण मूल्यांकनाचा कायदा लागू नाही. आणि २०२४ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला, भाडेपट्टा जाहीर झाला त्याच सुमारास, पश्चिमेच्या बेटावर रात्री यंत्रं चालली. आठशेहून जास्त झाडं तोडायचं ते काम होतं. सकाळी बातम्यांमध्ये वरून काढलेले फोटो आले. मुलीने फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "आपला ओंडका यात कुठे होता?" मला सापडला नाही.

दोन महिन्यांनी प्रांताच्या महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. त्यात म्हटलं होतं की प्रस्ताव निवडण्याची प्रक्रिया न्याय्य नव्हती, पारदर्शक नव्हती. सुरुवातीला सरकारी खर्चाचा अंदाज ३३.५ ते ४२.४ कोटी डॉलरच्या दरम्यान होता, तो आता २२३ कोटींच्या पुढे गेला होता. थर्मेसाठी १६०० गाड्यांच्या पार्किंगची सोय करण्याची जबाबदारीही सरकारने घेतली आहे, आणि तीही मैदानाच्या बाजूला नवी मेट्रो येत असताना.

दुसरी बाजूही ऐका

सरकारची बाजू अगदीच पोकळ आहे असं नाही. त्या पांढऱ्या इमारती खरंच गंजत होत्या. जमिनीखालच्या जुन्या नळांचं, तारांचं काम करावंच लागणार होतं, आणि त्याला पैसे लागतात. टोरंटोचा हिवाळा पाच महिन्यांचा. जानेवारीत त्या बेटावर वाऱ्याने कान तुटतात, तेव्हा बंदिस्त जागेत गरम पाणी कुणाला नको? नव्या आराखड्यातही बिनतिकीट पायवाटा आहेत, किनारा आहे. आणि ती झाडं काही आदिम जंगलातली नव्हती, माणसांनीच भरावावर लावलेली होती.

हे सगळं खरं धरलं तरी माझा मुद्दा उरतो. १८७९ मध्ये टोरंटोने ठरवलं की हे मैदान आपलं. १९७१ मध्ये प्रांताने ठरवलं की सगळ्यांसाठी काहीतरी करू. दोन्ही वेळा तिकीट होतं, पण ज्यांनी ते ठरवलं त्यांना लोक पुढच्या निवडणुकीत जाब विचारू शकत होते. दर बदलता येत होते, दार उघडताही येत होतं. २०१७ मध्ये पार्किंग उखडून बाग केलीच ना? ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यात ते दार कोणालाच उघडता येत नाही. माझ्या मुलीला नाही, तिच्या मुलांनाही नाही. चूक झाली तर दुरुस्त करायची सोय राहत नाही. या किनाऱ्यावर आजवर पाडणं आणि बांधणं चालत आलं, ते पुढच्या पिढीला तसा हक्क होता म्हणून.

आणि ‘जुनी झाली, ओस पडली, काहीतरी करायलाच हवं’ हे वाक्य कानावर आलं की मी आता दोन गोष्टी विचारते. ओस पडली की पाडली? आणि ओस म्हणजे कोण येत नाही? तिकीट काढणारे येत नाहीत, की कोणीच येत नाही? त्या ओंडक्याजवळ बसलेली माणसं कुठल्याही हिशेबात मोजली गेली नव्हती. तिथे मोजायला तिकीट खिडकीच नव्हती ना!

आणि आपल्याकडे

मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सची चर्चा तुम्ही ऐकली असेल. २११ एकर जमीन. घोड्यांच्या शर्यतींच्या क्लबचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. २०२४ मध्ये ठरलं की १२० एकर महापालिकेकडे आणि ९१ एकर क्लबकडे. किनारी रस्त्याच्या भरावावरची १७५ एकर त्याला जोडून सुमारे ३०० एकरांचं मोठं उद्यान करायचं. ऐकायला छान आहे, आणि व्हावंच. पण शेजारी रस्ता आहे, भराव आहे, भाडेपट्टा आहे. टोरंटोची गोष्ट ऐकल्यावर हे शब्द ओळखीचे वाटतात. आणि लक्षात ठेवा, सकाळ-संध्याकाळ तिथे फुकट चालायला येणारी माणसं आधीपासून आहेत. नव्या आराखड्यात त्यांचा रस्ता कुठून जातो ते आधी बघायचं. चित्रातली कारंजी नंतर.

आज तुम्ही पश्चिमेच्या बेटापाशी गेलात तर कुंपण दिसतं. ट्रिलियम पार्क उघडं आहे, जरूर जा. सीएनई अजून भरते, करोनाच्या दोन वर्षांनंतरही तग धरून आहे. या ऑगस्टमध्येही आम्ही गेलो, तिकीट काढून. आकाशपाळण्याच्या टोकावरून मुलीने बेटाकडे बघितलं आणि क्रेन मोजल्या.

बाबांचा आता प्रवास होत नाही. परवा फोनवर त्यांना हे सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "आमच्या माहीमला यंदाही पाळणे लागतील बघ. भरतीचं पाणी आलं की मागे सरकतात, ओहोटीला पुढे. दार लावायचं म्हटलं तर लावणार कुठे?"

तर मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या गावात नदीकाठी, तळ्याकाठी, समुद्राकाठी असं एखादं मैदान असेल, जिथे जत्रा भरते किंवा भरायची, तर त्याची गोष्ट मला लिहून पाठवा. ते कोणाच्या मालकीचं आहे तेही जमलं तर शोधा. सातबारा बघायला पैसे पडत नाहीत! भेटू पुढच्या भागात.